पट सातचा

आमच्या वाडीतल्या शाळेत हजेरी घ्यायला अर्धं मिनिटही लागत नाही. पहिलीत एक, दुसरीत दोन, तिसरीत कोणीच नाही, चौथीत तीन, पाचवीत एक. झाली हजेरी. मी त्या शाळेत होतो तेव्हा पट चाळीसच्या आसपास असायचा आणि खोखोच्या दोन टीम पडून वर चार पोरं ‘राखीव’ म्हणून उरायची. आता दोरीवरच्या उड्या हा शाळेचा मुख्य खेळ झालाय. एकटं खेळता येतं ना.

मी पुण्यात शिकतो. हॉस्टेलवर ‘कुठली शाळा?’ हा विषय निघाला की बरेचजण इंग्लिश मीडियमचं लांबलचक नाव सांगतात. मी ‘झेडपी’ म्हणतो. मग कोणीतरी ‘अरे वा, तरी इथवर आलास’ अशा नजरेने बघतं. त्याचा मला राग येतो. पण यंदा गणपतीला रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी गेलो आणि जे करून आलो, त्यानंतर तो राग कुठल्या तोंडाने धरायचा हा प्रश्नच आहे.

झालं असं की दादा मुंबईहून आला होता. त्याचा मुलगा, माझा पुतण्या, याच शाळेत दुसरीत आहे. वहिनीने विषय काढला. बाजारपेठेच्या गावात इंग्रजी शाळा आहे, तिची व्हॅन आता आमच्या फाट्यापर्यंत येते, महिन्याला आठशे रुपये. जागा आहे, मधूनच प्रवेश देतो म्हणतायत. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. मातृभाषा, झेडपीतून शिकून मोठी झालेली माणसं वगैरे. वहिनीने पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भावोजी, ता सगला खरा. पण एकटा पोर वर्गात बसून काय शिकनार? खेलायला तरी कोन हवं ना.”

मी म्हटलं, थांब, मी उद्या शाळेत बसून बघतो.

बसलो. साडेदहाला प्रार्थना झाली. सर लातूरकडचे. मंजूर पदं दोन, पण दुसऱ्या बाई जिल्हा बदलीने आपल्या गावाकडे गेल्या त्या गेल्याच, जागा रिकामी. शिक्षणहक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीच्या शाळेत पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक हवेत. म्हणजे कायद्यानेच धरलंय की पाच इयत्ता एका माणसाने शिकवू नयेत. पण कोकणात परजिल्ह्यातून आलेला शिक्षक पहिल्या दिवसापासून बदलीची वाट बघतो. त्याला तरी काय बोलणार? म्हातारे आईबाप सहाशे किलोमीटरवर, आणि सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. २०२३ पर्यंत ते मानधन महिना सहा हजार होतं, मग सोळा हजार झालं. सहा हजारात खोलीभाडं आणि मेस कशी बसवायची, हे हॉस्टेलवर राहणाऱ्या कोणालाही विचारा.

तर सरांनी चौथीच्या मुलींना भागाकार दिला, पाचवीच्या मुलाला धडा वाचायला बसवलं, दुसरीच्या दोघांना बेरजा घातल्या आणि पहिलीतल्या मुलाजवळ बसून ‘ग’ गिरवून घेऊ लागले. एवढ्यात फोन वाजला. केंद्रावरून कसलीतरी माहिती हवी होती, आजच, दुपारी दोनच्या आत. आमच्याकडे रेंज शाळेमागच्या चिऱ्याच्या बांधावर चढलं तरच येते. सर बांधावर गेले. चौथीतली एक मुलगी काही न सांगता उठली आणि पहिलीतल्या मुलाचा ‘ग’ पुढे चालू केला. तिला सवय होती. सर परत आले, दहा मिनिटांनी पुन्हा बांधावर. मग पोषण आहाराची नोंद अ‍ॅपवर. कोणाच्या तरी आधारमधलं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळत नव्हतं, त्याची दुरुस्ती. आधार जुळलं नाही तर ते पोर संचमान्यतेत, म्हणजे किती मुलांमागे किती शिक्षक हे ठरवणाऱ्या हिशेबात, धरलं जाईल याची खात्री नाही. समोर बाकावर बसलेलं, नाक ओढणारं, हाडामांसाचं पोर आणि ते ‘आहे’ हे पटवायला सर बांधावर उभे.

कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपायचं नाही. पण मतदार यादीचं काम निवडणुकीतच धरलं जातं आणि ते वर्षभर पुरतं. बाकीचं सगळं ‘माहिती’ या नावाखाली येतं. माहिती भरणं हे काम कुठल्याच कलमात बसत नाही, म्हणून ते कुठल्याच कलमाने अडत नाही.

त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत मी घड्याळ लावून बघितलं. माझ्या पुतण्याच्या वाट्याला सर आले ते अकरा मिनिटं.

‘असर’चा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या शंभरपैकी साधारण तेवीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो. २०२२ मध्ये, करोनानंतर, हा आकडा सोळावर होता. म्हणजे सुधारणा झाली. असे आकडे आले की चॅनेलवर शिक्षकांच्या नावाने शंख होतो. मीही आधी करायचो. पण शिक्षक बदलला की सगळं बदलतं असंही सरसकट नाही. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. अशी माणसं आहेत आणि खूप आहेत. पण लाखभर शाळांच्या राज्यात व्यवस्था जर दर वाडीला एक डिसले मिळेल या भरवशावर चालणार असेल, तर ती व्यवस्था नाही, लॉटरी आहे.

आता सरकारची बाजू. ती अगदीच फालतू नाही. २०२३ साली शिक्षण विभागाच्या हिशेबात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३ निघाल्या. त्यांत मुलं होती सुमारे एक लाख ८५ हजार आणि शिक्षक २९ हजारांच्या वर. मग कल्पना आली समूह शाळेची. आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करायच्या, एक मोठी शाळा, चांगल्या खोल्या, प्रयोगशाळा, खेळाचं मैदान, मुलांना आणायला गाडी. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण देऊन प्रस्ताव मागवले गेले. भरपूर विरोध झाला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत समायोजित करायचं ठरलं होतं, तेव्हाही झाला होता. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी एक तोडगा निघाला: छोट्या शाळेतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा. काही महिन्यांत तोही मागे घेतला. थोडक्यात काय, ही पोरं नकोत असं कोणी म्हणत नाही, पण त्यांचं करायचं काय हेही कोणाला ठरवता येत नाही.

वहिनीचा मुद्दा आणि सरकारचा मुद्दा खरं तर एकच आहे. सात मुलांची शाळा ही शाळेसारखी वाटत नाही. मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. वाद घातला तो पऱ्याने.

आमच्या वाडीजवळची दुसरी शाळा कागदावर सव्वा किलोमीटर आहे. मधे पऱ्या आहे. त्यावरचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला, तेव्हापासून रस्त्याने वळसा घालून जावं लागतं आणि ते अंतर अडीच किलोमीटर भरतं. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं नियम सांगतो. ती नसेल तर समग्र शिक्षा योजनेत प्रवासासाठी मुलामागे वर्षाला सहा हजारांपर्यंत भत्त्याची तरतूद आहे. पण त्या वळणावरून सकाळी साडेदहाला जाईल अशी रिक्षा कुठली आणि एसटी कुठली? भत्ता मिळेल, गाडी कोण देणार?

गंमत बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांचा नियम बदलला होता. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेने गरिबांच्या मुलांसाठी जागा ठेवायची गरज नाही. जवळ आपली शाळा आहेच की, असा त्यामागचा हिशेब. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. म्हणजे शहरात ‘जवळ सरकारी शाळा आहे’ म्हणून खासगीचं दार बंद करू बघायचं आणि डोंगरात ‘मुलं कमी आहेत’ म्हणून ती जवळची सरकारी शाळाच हलवायचा विचार करायचा. किलोमीटर तोच.

आता मी दुसरीतल्या दुसऱ्या मुलाबद्दल सांगतो. म्हणजे मुलीबद्दल. ती आमच्या शेजारची. वडील नाहीत, आई आंब्याच्या सीझनला बागेत आणि एरवी मिळेल त्या कामावर. आठशे रुपयांची व्हॅन तिच्यासाठी नाही. पुतण्या गेला की ती दुसरीत एकटी उरणार. त्या दिवशी दोघं मिळून बेरजा करत होते. हा चुकला की ती ‘ए हातचा राहिला’ म्हणून ओरडायची, आणि सर बांधावर असताना शिकवणं चालू होतं ते तेवढंच.

कोठारी आयोगाने १९६६ मध्येच म्हटलं होतं की परिसरातल्या सगळ्या मुलांनी, गरीब असो की श्रीमंत, परिसरातल्याच शाळेत जावं. त्या आयोगाचे सदस्य सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. एम.ए.च्या एका सीनियरने मला हे सांगितलं तेव्हा ते परीक्षेपुरतं वाटलं होतं. शाळेत बसल्यावर त्याचा अर्थ कळला. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. आमच्या समितीत पूर्वी ग्रामपंचायतीत आवाज चढवणारे दोघंतिघं होते. त्यांची मुलं व्हॅनमध्ये बसली आणि ते समितीतून गेले. आता समितीत उरलेत ते ज्यांना तहसील कार्यालयात कोणी खुर्चीही देत नाही. साकव का झाला नाही, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. शाळा सोडून जाणारं पहिलं पोर नेहमी त्या घरचं असतं जे भांडू शकलं असतं.

आणि यंदा ते घर आमचं होतं.

हो, फॉर्म मीच भरला. ऑनलाइन होता, वहिनीला जमत नव्हतं, दादा परत निघाला होता. बांधावर उभा राहून, सर जिथे उभे राहतात तिथेच, मी पुतण्याचा फोटो अपलोड केला. मला माहीत होतं मी काय करतोय. अकरा मिनिटं मी स्वतः मोजली होती. स्वतःच्या पुतण्याला तत्त्वासाठी अकरा मिनिटांवर ठेव, असं वहिनीला सांगायची माझी टाप नव्हती. तुमच्यापैकी कोणाची असेल तर मला खरंच ऐकायला आवडेल.

निघायच्या आदल्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेलो. सर काहीच बोलले नाहीत, रजिस्टर उघडलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, “एक करता का? दाखला तीस सप्टेंबरनंतर न्या.” तीस सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. सहा आणि सातमध्ये नियमाने काही फरक पडत नाही, पण दरवर्षी एक कमी होत गेलेला आकडा वर दिसला की शाळा कुठल्यातरी यादीत चढते, ही सरांची भीती. “तोवर पोरगं तिकडे बसू द्या. नाव इकडे राहू द्या.”

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती. तेव्हा नुसती कागदावरची लाखो मुलं सापडली होती आणि त्यांच्या नावावर संस्थांनी तुकड्या, शिक्षक आणि अनुदान लाटल्याचं उघड झालं होतं. त्या मोजणीच्या बातम्या मी नंतर वाचल्या तेव्हा मला प्रचंड चीड आली होती. इथे एक माणूस मला एकच खोटं पोर महिनाभर मागत होता. अनुदानासाठी नाही, दुसरीतल्या त्या मुलीसाठी.

मी ‘बघतो’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

काल वहिनीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. टाय लावलेला पुतण्या, व्हॅनच्या खिडकीत. खाली तिने लिहिलंय की नव्या शाळेतून दाखल्यासाठी दोनदा फोन आला, काय सांगू? आज २६ तारीख आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.