नळी, पट्टी आणि कान लावायची थाळी

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीहून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात शाळेच्या सहली जातात. तिथलं विज्ञान उद्यान १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात सुरू झालं. मुख्य केंद्र त्यानंतर, १९८५ मध्ये. अशा उद्यानांत झोपाळे-घसरगुंड्यांबरोबर नादाची खेळणीही असतात.

वाजवायच्या पट्ट्या घ्या. दोन्ही टोकं मोकळी असलेली धातूची पट्टी अर्धी केली, तर स्वर एक नव्हे, दोन सप्तकं वर जातो. नळीतल्या हवेचं मात्र तसं नाही, तिथे लांबी निम्मी केली की साधारण एकच सप्तक. पट्टी कुठे टेकवली, हेही महत्त्वाचं. टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर ती जवळजवळ हलत नाही. तिथेच आधार दिला तर नाद टिकतो, भलतीकडे आवळली तर नुसता खट्ट आवाज. पावसाळ्यात गंजत नाही म्हणून ॲल्युमिनियम बरं.

समोरासमोरच्या दोन मोठ्या वाटोळ्या थाळ्यांपैकी एकीच्या नाभीशी कुजबुजलं, की दुसरीच्या नाभीशी ऐकू येतं. वीज नाही, तार नाही. थाळी आवाज फक्त गोळा करते. क्रोएशियातल्या झादर शहरात तर २००५ पासून समुद्राच्या लाटाच नळ्या वाजवतात.

आपल्याकडच्या बागांत असं काही बसवायचं, तर रेल्वेमार्ग आणि हमरस्त्यापासून लांबची जागा निवडावी. मोठ्या गोंगाटात हळू स्वर बुडतो. आणि मोगऱ्या साखळीने बांधाव्यात, नाहीतर आठवड्यात नाहीशा होतील.