मुष्टिफंड ते सीएसआर : मागणाऱ्यांचा इतिहास

शिक्षणासाठी समाजाने दिलेल्या पैशाचा आणि श्रमांचा आढावा लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी एक अट घातली. देणाऱ्यांविषयी लिहिणार नाही, मागणाऱ्यांविषयी लिहीन. देणाऱ्यांची नावं कोनशिलांवर आहेत, सभागृहांच्या कमानींवर आहेत. मागायला गेलेल्यांची नावं फार तर जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवर सापडतील, आणि ती पुस्तकं बहुतेक ठिकाणी वाळवीने संपवली.

भिडेवाड्यातली फुल्यांची शाळा, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची १८८४ची स्थापना, पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षं शिकवणारे आजीव सदस्य, हे सारं वाचकांना पाठ आहे. त्यावरून मी हात फिरवून पुढे जातो. तळेगावच्या पैसा फंडाचीही गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. अंताजी दामोदर काळे एकेक पैसा मागत फिरले, लोकमान्यांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून काचेचा कारखाना उभा राहिला, तिथे मुलं काचकाम शिकली. मला त्यात पैशाइतकंच फिरण्याचं महत्त्व वाटतं, आणि तोच माझा या लेखातला हट्ट आहे. ज्या संस्थेला दारोदार मागावं लागलं, तिला दारोदार उत्तरंही द्यावी लागली.

महर्षी कर्व्यांचंच बघा. आश्रमाच्या कितीतरी आधी त्यांनी 'मुरुड फंड' काढला होता. बाहेरगावी कमावत्या झालेल्या मुरुडकरांनी आपल्या कमाईतून गावासाठी वर्गणी द्यावी, एवढी साधी योजना. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि पुढे रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली, तेव्हा अण्णा, म्हणजे कर्वे, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून पायी हिंगण्याला जात. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव. विधवांच्या शिक्षणासाठी मागायचं म्हणजे पैशाआधी शिव्या घ्यायची तयारी हवी. पण दार उघडून शिव्या देणाऱ्या माणसाशी निदान बोलणं तरी सुरू होतं.

त्यांच्याहून मला पार्वतीबाई आठवले यांचं मोठं अप्रूप. कर्व्यांच्या मेहुणी, स्वतः विधवा, आश्रमात येऊन मोठ्या वयात शिकलेल्या. त्या काळी विधवा बाईने परगावी सभेत उभं राहून बोलावं आणि शेवटी पदर पसरावा, हीच मोठी गोष्ट होती. त्यांचं भाषण ऐकायला येणाऱ्यांना आश्रमात शिकून बाईचं काय होतं याचा पुरावा समोर उभा दिसे. अहवाल छापायची गरजच नव्हती. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकावं आणि आश्रमासाठी चार पैसेही उभे करावेत हा हेतू. लोकांच्या घरी घरकाम करून तिथे राहिल्या आणि १९२०मध्ये परतल्या. त्याच १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी देऊ केली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव मिळालं, पुढे १९३६मध्ये कचेरी मुंबईला गेली. देणगी थोर होती, विद्यापीठ तिच्यामुळेच तगलं, यात वाद नाही. पण इतिहासात पंधरा लाख एका ओळीत बसतात आणि पार्वतीबाई तळटिपेत जातात, हे मला मान्य नाही. स्वतः अण्णांना ते पंधरा लाख पुरले नाहीत, असंही म्हणता येईल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि पुन्हा आणे-दोन आणे मागत घरोघर फिरू लागले.

मागण्याचाच आणखी एक प्रकार म्हणजे वार लावून जेवणं. त्या प्रथेबद्दल हल्ली फार हळवं लिहिलं जातं. सोमवारी यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे, उरलेल्या दिवशी माधुकरी, असं करून कित्येक गरीब मुलं शिकली आणि मोठी झाली. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थाही त्याच माधुकरीवर उभ्या राहिल्या. पण ते दार कोणासाठी उघडत होतं? जात विचारल्याशिवाय पान मांडलं जात नसे. हळवे लेख लिहिणारे आमचे काही मित्र एवढी एक गोष्ट नेमकी विसरतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक जातवार वसतिगृहं काढली, ती याच बंद दारांमुळे.

कोल्हापुरात शाहू महाराजांचं काम जवळून पाहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढची पायरी गाठली. ४ ऑक्टोबर १९१९ला काले इथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ला ती साताऱ्याला आली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसू लागली. पंगत एक झाली, आता धान्य कुठून आणायचं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही गेलं. ही गोष्ट शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगतात आणि ती सांगावीच. पण दागिन्यांवर बोर्डिंग किती दिवस चालणार? ते चाललं मुष्टिफंडावर. दळायला किंवा शिजवायला धान्य काढताना घरच्या बाईने एक मूठ बाजूला ठेवायची. ठरल्या दिवशी मुलं पिशव्या घेऊन येत आणि ते गोळा करून नेत. ज्वारी, बाजरी, जे असेल ते.

या मुठीचा अर्थ अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी कधी नीट लावला नाही. त्यात धान्य किती जमलं, हा प्रश्न दुय्यम. जिच्या हातात घरचा पैसा कधीच नव्हता तिच्या हातात धान्याचं मडकं होतं, म्हणून दान देण्याचा निर्णय तिने घेतला. मूठ रोज काढायची, त्यामुळे बोर्डिंगाची आठवण रोज होई. आणि गोळा करायला तीच मुलं येत. ज्यांच्यासाठी मूठ काढली ती पोरं दारात उभी. 'काय रे, कितवीत आहेस? वाचून दाखव बघू,' असं कुणी म्हटलं की तपासणी झाली. पुन्हा मुलं कष्टही करत होती. 'कमवा आणि शिका' हे भाऊरावांचं तत्त्व होतं, त्यामुळे फुकट खाणारी पोरं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्याच पद्धतीने खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या. चावडीत नाहीतर देवळाच्या ओवरीत वर्ग, मास्तर बहुधा संस्थेतच शिकलेला तरुण, आणि त्याच्या जेवण्या-राहण्याची सोय गावाने करायची. अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. गांधीहत्येनंतरच्या दिवसांत भाऊरावांनी सरकारवर टीका केली, म्हणून संस्थेचं अनुदान थांबलं. तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री खेरांकडे शब्द टाकला. बाबांच्या शब्दाला वजन होतं, कारण तेही आयुष्यभर लोकांकडूनच मागून लोकांसाठीच बांधत आले होते.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा भाग मी भरभर उरकतो. अनुदान आलं, शाळासंहिता आली, पगार वेळेवर होऊ लागले आणि ते चांगलंच झालं. उपाशी मास्तरांचं गुणगान मला आवडत नाही. साक्षरता अभियानात स्वयंसेवकांची लाट आली आणि ओसरली. आमच्या भागात याच काळात एक निराळी गोष्ट घडली, तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. सहकारी साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे शिक्षणासाठी कपात सुरू केली. त्यातून हायस्कुलं झाली, कॉलेजं झाली, माझ्या पिढीतले कितीतरी जण त्यांतून शिकले. पण कपात मागावी लागत नाही. ती होते. ज्याच्या बिलातून पैसे गेले तो शेतकरी शाळेत हिशेब विचारायला कशाला जाईल? वर्गणी मागायला येणारे मास्तर पूर्वी बांधावर बसून चहा घेत आणि पोरगा गणितात कच्चा आहे ते सांगून जात. कपात सुरू झाल्यावर ते येणं थांबलं. मग १९८३पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि पैशाचा प्रवाहच उलटा फिरला. पूर्वी संस्था पोरासाठी गावाकडे मागत होती, आता पोराच्या बापाकडेच मागू लागली.

आता सीएसआर. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आणि त्यातला मोठा वाटा शिक्षणाकडे वळला. वाईट काय त्यात? स्वच्छतागृहं झाली, पाण्याच्या टाक्या आल्या, मुलींना सायकली मिळाल्या. पण मी पाहिलेल्या एका शाळेत कंपनीने दिलेला डिजिटल फळा मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात होता, कारण खराब झाला तर जबाबदार कोण? गावाने तो मागितला नव्हता, म्हणून तो वापरात का नाही हेही गावाने विचारलं नाही. प्रकल्पाची मुदत तीन वर्षांची, मग कंपनीचं लक्ष दुसऱ्या जिल्ह्याकडे. आमचे 'व्यावसायिक निधीसंकलन'वाले स्नेही म्हणतात, वर्गणीत वेळ फार जातो, एक मोठा दाता शोधा. वेळ जातो हे खरं आहे. तो वेळ गावाशी बोलण्यात जात होता.

माझ्या बाजूच्या जुन्या मंडळींशीही माझं एक भांडण आहे. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं नाव काढलं की हे लोक परदेशी पैसा म्हणून नाक मुरडतात. अमेरिकेतल्या भारतीयांनी तिथे समारंभ भरवून पैसा जमवला, हे खरं. पण मुंबईत १९९४-९५च्या सुमाराला काम सुरू झालं तेव्हा त्यांनी काय केलं? वस्तीतलीच शिकलेली मुलगी निवडली, तिला थोडं मानधन आणि प्रशिक्षण दिलं, मागे पडलेल्या मुलांना तिच्या हवाली केलं. तिला बालसखी म्हणत. ही बालसखी म्हणजे मला तरी व्हॉलंटरी शाळेच्या मास्तराची नात वाटते. त्या कामाचा अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसून अभ्यास केला, तेव्हा मुलांची प्रगती मोजून दिसली. २००५पासून निघणारा 'असर' अहवालही असाच. जिल्ह्यातल्या संस्थांचे स्वयंसेवक घरी जातात, पोराच्या हातात एक कागद देतात आणि वाच म्हणतात. त्या वेळी आई शेजारी उभी असते. पाचवीतल्या पोराला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे तिला वर्तमानपत्राआधी कळतं.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये 'प्रथम'च्या याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला. काही गावांत लोकांना शाळा समितीचे हक्क समजावून दिले, सभा घेतल्या. त्याने समित्या जाग्या झाल्या नाहीत. पण जिथे गावच्या तरुणांना वाचनवर्ग कसा घ्यायचा ते शिकवलं, तिथे बिनपगारी तरुण पुढे आले. वर्गाला मुलं थोडी आली, हे उणं आहेच. पण जी आली ती वाचायला लागली. स्वयंसेवक मिळत नाहीत असं भाषणात सांगणाऱ्या आमच्या संस्थाचालकांनी हा अभ्यास एकदा वाचावा. हे लोक तरुणांना बोलावतात ते व्यासपीठावरच्या खुर्च्या लावायला आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला.

माजी विद्यार्थी मेळावे हल्ली जोरात असतात. पुण्या-मुंबईहून, कधी न्यू जर्सीहून माणसं येतात, फोटो काढतात, चेक देतात, करसवलतीची पावती घेऊन परत जातात. मी ज्या संस्थेच्या बैठकांना अजून जातो, तिथे गेल्या खेपेला एक सूचना मांडली. चेक घेण्याआधी प्रत्येकाला तासभर चौथीच्या वर्गात बसवायचं, चार मुलांचं वाचन ऐकायला लावायचं आणि ज्या मुलाचं ऐकलं त्याच्या नावासकट पावती द्यायची. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, मुलं वाचू शकली नाहीत तर देणगीदार काय म्हणतील? विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.