बंगळुरूची व्हिस्की, ग्लासगोची कसोटी

24 ऑगस्ट 2004 रोजी ग्लासगोच्या 'कॅफे इंडिया' या रेस्टॉरंटमध्ये एक नवी व्हिस्की बाजारात आली. ती बंगळुरूत तयार झाली होती आणि थेट स्कॉटलंडमध्ये, म्हणजे व्हिस्कीच्या माहेरीच विकायला आणली होती. या 'अमृत' सिंगल माल्टमागचं जगदाळे हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे.

राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 साली बंगळुरूत अमृत डिस्टिलरीज सुरू केली. त्यांच्यानंतर मुलगा नीलकंठ यांनी कारभार हाती घेतला. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर तयार होते. युरोपीय कायदा तिला व्हिस्की मानत नाही. अमृतने मात्र मिश्रणात घालण्यासाठी बार्लीचं माल्ट गाळायला सुरुवात केली होती. तेच वेगळं, सिंगल माल्ट म्हणून विकता येईल का, हा प्रश्न नीलकंठ यांनी मुलापुढे, रक्षित यांच्यापुढे ठेवला. न्यूकॅसलला एमबीए करताना ब्रिटनमधल्या भारतीय रेस्टॉरंटांतून ते विकता येईल का, याचा रक्षित यांनी अभ्यास केला.

प्रत्यक्षात रेस्टॉरंटांच्या वाटेने फारसं काही साधलं नाही. ग्लासगोच्या पबांत मात्र वेगळा अनुभव आला. 'पॉट स्टिल'सारख्या नावाजलेल्या पबात नाव न सांगता अमृतचा ग्लास पुढे ठेवला गेला. चव घेणाऱ्यांना ती स्कॉचच वाटली. बाटली भारतातली आहे हे त्यांना नंतर कळलं. मोठ्या जाहिराती न करता एकेका ग्लासाने पटवत गिऱ्हाईक मिळवायचं, हीच अमृतची रीत ठरली.

अमृतची चव बंगळुरूच्या हवेने घडवली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर असलं तरी स्कॉटलंडपेक्षा कितीतरी उष्ण. तिथे पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, इथे दहा-बारा टक्के. दोनशे लिटरच्या पिंपातून पहिल्याच वर्षी वीस लिटरहून अधिक माल हवेत जातो. पण त्याच उष्णतेमुळे लाकडाचा रंग, गंध आणि गोडवा व्हिस्कीत झपाट्याने उतरतो आणि चार-पाच वर्षांत ती पक्व होते. लेबलवर 12 किंवा 18 वर्षांचा आकडा शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणं, हेच विक्रीचं सर्वांत अवघड काम होतं.

पहिली काही वर्षं विक्री बेताचीच राहिली. भारतीय बार्लीला पीट या दलदलीतल्या मातीच्या धुरावर वाळवलेल्या स्कॉटिश बार्लीची जोड देऊन केलेल्या 'फ्यूजन'ने चित्र पालटलं. व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या 2010च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये तिला 100पैकी 97 गुण आणि जगात तिसरं स्थान मिळालं. परदेशात नाव झाल्यावरच, 2010 साली, अमृतचं सिंगल माल्ट बंगळुरूच्या दुकानांत आलं. पुढे 2012 साली गोव्यात तयार होणाऱ्या 'पॉल जॉन' सिंगल माल्टनेही आधी ब्रिटनचीच वाट धरली.

नीलकंठ जगदाळे 2019 साली गेले. आज भारतीय सिंगल माल्ट जगाच्या बाजारात मानाने विकलं जातं, याचं मोठं श्रेय त्यांच्या हिमतीला आहे. घरचा धंदा जगभर न्यायचा तर आपला माल सर्वांत कठोर पारख्यापुढे आधी ठेवावा, हे जगदाळ्यांनी करून दाखवलं. उद्योग कोणताही असो, परदेशी बाजाराचं स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येक मराठी उद्योजकाने त्यांची ही वाट अभ्यासावी.