बंद पडलेला संगणक : शोध कोठून सुरू करावा?



गेल्या वैशाखांतली गोष्ट आहे. आमच्या जतकडे वळवाचा पाऊस येतो तो पाणी थोडें आणि वारा व विजा फार, अशाच थाटानें. त्या सायंकाळीं मी संगणकापुढें लिहीत बसलों होतों. एकाएकीं खोलींतला दिवा डोळे दिपावेत इतका प्रखर झाला, टेबलाखालून फट्‌दिशीं आवाज आला, जळक्याचा वास सुटला आणि संगणक बंद पडला. दुसऱ्या दिवशीं दुरुस्तीच्या दुकानांतील एका गृहस्थानें बटण दोनदां दाबून पाहिलें व निकाल दिला, "गुरुजी, सगळें जळालें. आतां नवाच घ्या."

नवा संगणक पैसे टाकून मिळाला असता. परंतु त्या जुन्यांत माझा बारा वर्षें जमविलेला शब्दसंग्रह होता. जत तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागलेला. येथें मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. अवजारांचीं, भांड्यांचीं, जनावरांच्या रंगांचीं जीं नांवें मीं टिपून घेतलीं, तीं सांगणाऱ्या वृद्धांपैकीं कित्येक आज हयात नाहींत. आणि आयुष्यभर मुलांना टापटीप शिकविणाऱ्या मज मास्तरानें त्या संग्रहाची दुसरी प्रत काढून ठेविली नव्हती! म्हणून "सगळें जळालें" हा निकाल मला स्वीकारवेना. पुढच्या चार दिवसांत एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीनें मी जें शिकलों, तेंच आज आपणांस सांगणार आहें. मी यंत्रशास्त्राचा पंडित नाहीं, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहें. तेव्हां मला जें समजलें तें आपणांसही सहज समजेल.

आमच्याकडील शेतकऱ्याची विहिरींतली मोटार बंद पडली, तर तो ती लागलीच वर ओढीत नाहीं. आधीं तो लाईन आहे कीं नाहीं हें पाहतो, मग पेटींतला फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटारीची पाळी सर्वांच्या शेवटीं. संगणकासही हाच न्याय लावावा. बाहेरून आंत जावें, स्वस्त भागाकडून महाग भागाकडे जावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोणत्या गोष्टींत होता हें कधींच कळत नाहीं.

प्रथम त्या सायंकाळीं झालें काय, तें पाहूं. आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनें करणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांना एवढा दाब सोसत नाहीं. त्यांना १२, ५ व ३.३ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हें रूपांतर करणारी पत्र्याची एक पेटी कॅबिनेटच्या आंत, पाठीमागच्या बाजूस बसविलेली असते. तिला बाजारांत एसएमपीएस म्हणतात. खांबावरून तीन फेजच्या व एक न्यूट्रलची अशा तारा येतात. फेज व न्यूट्रल यांमध्यें २३० व्होल्ट दाब असतो, पण दोन फेजमध्यें तो सुमारें ४०० व्होल्ट असतो. वादळानें न्यूट्रल तार तुटली किंवा तिचा सांधा सुटला, तर कांहीं घरांतला दाब ३०० च्याही वर चढूं शकतो. दिवा एकाएकीं प्रखर होणें ही त्याचीच खूण होय. असें दिसतांच क्षणाचाही विलंब न लावतां मेन स्विच बंद करावा. अशा वेळीं पहिला आघात त्या पेटीवर येतो, आणि पुष्कळदां ती स्वतः जळून पुढच्या भागांना वांचविते. यास्तव पेटी मेली म्हणजे संगणक मेला, असें समजूं नये.

आतां तपासणीची पहिली पायरी. संगणकाच्या सॉकेटमध्यें टेबलावरचा दिवा लावून पाहावा. म्हणजे वीज तेथपर्यंत येते कीं नाहीं तें कळेल. मग संगणकाची केबल बदलून पाहावी. मॉनिटरची केबल बहुधा तशीच असते, ती उपयोगी पडते. पेटीच्या मागें एक लहान स्विच असतो, तो चालू आहे ना, हें पाहावें. जुन्या पेट्यांवर ११५ व २३० असे आंकडे असलेला आणखी एक सरकता स्विच असतो. तो आपल्या देशांत नेहमीं २३० वरच असला पाहिजे. तो ११५ वर ठेवून वीज सोडली, तर धड असलेली पेटीही जळते.

दुसरी पायरी सावधगिरीची. कॅबिनेट उघडण्यापूर्वीं प्लग काढावा, सुरू करण्याचें बटण कांहीं सेकंद दाबून धरावें, व आंत हात घालण्याआधीं कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विजेनें आंतले भाग बिघडणार नाहींत. मात्र ती एसएमपीएसची पेटी कोणींही उघडूं नये. तिच्यांतील कपॅसिटरमध्यें सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत दाबाची वीज सांठलेली असते, व प्लग काढल्यावरही ती कांहीं काळ तेथेंच राहूं शकते. घरच्या माणसापुरती ही पेटी बदलण्याची वस्तु आहे, दुरुस्त करण्याची नव्हे.

तिसरी पायरी म्हणजे पेटीची परीक्षा. पेटीपासून निघणाऱ्या सर्व तारा संगणकाच्या भागांपासून सोडवाव्या. त्यांतील सर्वांत रुंद प्लगला २४ छिद्रें असतात. प्लग भिंतींतून काढलेला असतांनाच त्या छिद्रांपैकीं हिरव्या तारेचें छिद्र व कोणत्याही काळ्या तारेचें छिद्र कागदाच्या वांकविलेल्या क्लिपनें जोडावें, आणि मगच वीज सोडावी. पेटीचा पंखा फिरला, तर तिच्यांत जीव आहे. पण नुसता पंखा फिरणें पुरेसें नाहीं. मल्टिमीटरनें दाबही मोजावा. काळ्या तारेच्या संदर्भानें पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्या तारेवर ४.७५ ते ५.२५, व नारिंगी तारेवर सुमारें ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यावेत. ज्यांच्या हातास ह्या कामाची संवय नाहीं, किंवा ज्यांच्या पेटीच्या सर्व तारा काळ्याच आहेत, त्यांनीं ही परीक्षा जाणत्या माणसाकडून, परंतु आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. माझ्या पेटीचा पंखा हललाही नाहीं. दोष सांपडला, पण तो एकटाच होता कीं नाहीं, हें अद्याप कळावयाचें होतें.

हल्लीच्या बहुतेक पेट्या इंटेल कंपनीनें १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'एटीएक्स' नमुन्याला धरून असतात. त्यामुळें एका कंपनीची पेटी दुसरीच्या संगणकास बहुधा चालते. कांहीं कंपन्यांचे तयार संगणक मात्र ह्यास अपवाद आहेत. म्हणून जुनी पेटी बरोबर नेऊनच नवी घ्यावी.

नवी पेटी आणली म्हणून सगळें एकदम जोडूं नये, ही चौथी पायरी. आरंभीं मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, आणि रॅमची एकच पट्टी, एवढेंच ठेवावें. प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ छिद्रांचा एक निराळा प्लग असतो, तो विसरूं नये. तो राहिला म्हणजे पंखे फिरतात पण चित्र येत नाहीं, आणि मनुष्य उगाच बोर्डास दोष देत बसतो. एखाद्या भागांत शॉर्ट असेल, तर पेटी स्वतःच्या रक्षणासाठीं क्षणांत बंद पडते. पंखा किंचित् फिरून थांबतो. मग दर वेळीं प्लग काढून एकेक भाग जोडीत जावें. जो जोडतांच संगणक थांबेल, तोच अपराधी.

पंखे फिरून चित्र येत नसेल, तर मॉनिटरची तार पाहावी, रॅमची पट्टी काढून पुन्हां घट्ट बसवावी, दुसऱ्या खांचेंत लावून पाहावी, दुसरी पट्टी लावून पाहावी. संगणक टीं-टीं असा आवाज करूं लागला, तर घाबरूं नये. ती त्याची तक्रार सांगण्याची भाषा आहे, व तिचा अर्थ बोर्डाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत दिलेला असतो. तारीख-वेळ चुकीची दिसत असेल, तर बोर्डावरील 'सीआर २०३२' नांवाची ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपली असावी. ती थोडक्या पैशांत मिळते.

एवढें सगळें करूनही, खात्रीच्या पेटीवर उघडा बोर्ड मुळींच दाद देत नसेल, तरच "जळालें" हा शब्द उच्चारावा. आणि तेव्हांही आपलें लिखाण गेलें असें मानूं नये. हार्ड डिस्कवरील मजकूर चुंबकीय खुणांच्या रूपानें लिहिलेला असतो. वीज गेल्यानें तो पुसला जात नाहीं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर मजकूर बहुधा जसाच्या तसा मिळतो. डिस्क फिरत नसेल किंवा टक्‌टक् आवाज करीत असेल, तर मात्र घरीं प्रयोग न करितां ती तज्ज्ञाच्या हातीं द्यावी.

माझ्या संगणकांत पेटी व रॅमच्या दोन पट्ट्यांपैकीं एक, एवढेंच जळालें होतें. चौथ्या दिवशीं चित्र उमटलें, संग्रह उघडला, आणि पहिल्याच पानावरचा शब्द वाचतांना तो सांगणारी म्हातारी डोळ्यांपुढें उभी राहिली. दुकानांतील गृहस्थास मी दोष देत नाहीं. गिऱ्हाईकच घाईंत असेल, तर तपासणारा तरी कां थांबेल?

शेवटीं प्रतिबंधाविषयीं दोन शब्द. ढग गडगडूं लागले कीं विजेचा प्लग व इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवाव्या. नुसता स्विच बंद करणें पुरत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचें 'दामिनी' हें मोबाईलवरील ॲप विजांची पूर्वसूचना देतें, तें घरांत एकाच्या तरी फोनवर असावें. गेलेली वीज परत आल्यावर ती स्थिर होईपर्यंत कांहीं मिनिटें थांबावें. आमच्यासारख्या कोरड्या मुरमाड जमिनींत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत वाळतो व निकामी होतो. त्यांत पाणी घालीत जावें. युपीएस असल्यास लिखाण जतन करावयास अवधि मिळतो, पण आकाशांतल्या विजेपुढें तोही दुबळाच.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याची दुसरी प्रत काढावी व ती दुसऱ्या घरांत ठेवावी. माझ्या शब्दसंग्रहाची प्रत आतां मुलीच्या घरीं आहे. आपली कोठें आहे, हें आज रात्रीं निजण्यापूर्वीं प्रत्येकानें पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.