साथीच्या काळातील चित्तोद्वेग : एक राहून गेलेला प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आत्रेयांना विचारतो : प्रकृती, आहार, बल व सात्म्य भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी नष्ट होतात? वायु, जल, देश व काल या सर्वांना समान असलेल्या भावांच्या दुष्टीत आचार्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. २०२० साली जनपदोद्ध्वंसाचा हा अध्याय आपण सर्वांनी पुन्हा उघडला. परंतु लक्ष ज्वर, कास व श्वास यांवरच राहिले. त्याच विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात भय आणि चित्तोद्वेग हे मानस विकारांत गणले आहेत, याचे मात्र विस्मरण झाले. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले.

एक अनुभव

आपल्या शहरात व मराठवाड्यात चाऊस समाजाची वस्ती आहे. येमेनमधील हद्रमौत प्रांतातून निजामाच्या सैन्यात आलेल्या अरबांचे हे वंशज. १९४८ साली निजामाचे राज्य संपले. तेव्हापासून नाना व्यवसायांत स्थिरावलेला हा समाज आज दख्खनी आणि मराठी बोलतो. त्यांतील एक वृद्ध गृहस्थ जून २०२० मध्ये प्रस्तुत लेखकाकडे आले. छातीत कोंडल्यासारखे होते, धडधडते, झोप येत नाही, अशी तक्रार होती. हृदयाची तपासणी करवून घेतली. ती निर्दोष आली. औषध दिले, पुन्हा दिले, गुण नाही. तिसऱ्या वेळी नाडीवरचा हात काढून विचारले, "चाचा, घरी सगळे ठीक आहे ना?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कळले, की मुलगा आखातात अडकला होता. मार्चमध्ये विमाने थांबली, काम सुटले, आठ जण एका खोलीत. मे महिन्यात 'वंदे भारत' विमाने सुरू झाली, तरी त्याला जागा मिळत नव्हती. रात्री त्याचा दूरध्वनी येईपर्यंत चाचा जागे राहत आणि पत्नीला काही कळू देत नसत. मनाचे सांगितले तर लोक वेडा म्हणतील, ही भीती होती. मुलगा सप्टेंबरात परतला. पण बोलणे सुरू झाल्यावर झोप त्याआधीच सुधारू लागली होती. पहिल्याच भेटीत तो प्रश्न न विचारणे ही प्रस्तुत लेखकाची चूक होय.

शरीराच्या भाषेत मन

मनाची व्यथा छातीच्या, पोटाच्या, डोक्याच्या तक्रारीतून सांगण्याची रीत अरब देशांतील चिकित्सकांनाही परिचित आहे. तेथेही लोकापवादाच्या भयाने रुग्ण मानसचिकित्सकाकडे जाण्यास कचरतो. आपल्याकडील रुग्ण ज्या शब्दांत हे सांगतो, त्यांतील 'फिकीर' आणि 'दहशत' हे मूळचे अरबीच. नवव्या-दहाव्या शतकातील अबू झैद अल-बल्खी यांनी अरबीत लिहिलेल्या ग्रंथाचे शरीर व मन असे दोनच भाग आहेत, आणि भय व शोक यांवर त्यात स्वतंत्र विवेचन आहे. शरीर व मन परस्परांना दुखावतात, हा त्यांचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही.

आपले कर्तव्य

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा चरकाचार्यांनी सांगितली. ब्राह्मी-जटामांसीचे स्थान आहेच. पण अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याचे सत्त्वावजयाचे कार्य चूर्णाच्या पुडीतून होत नाही. त्यासाठी रुग्णापाशी बसावे लागते.

म्हणून निद्रानाश, हृद्द्रव वा अरुची घेऊन येणाऱ्या प्रत्येकास तीन प्रश्न विचारावेत : घरी कोण आहे? कोणाची काळजी वाटते? जगणे नकोसे होते काय? तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी आल्यास स्वतःच्या औषधावर विसंबू नये. नातलगांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात ठळकपणे लावावा.

साथी येतील आणि जातील. गल्लीतील वैद्य हा मात्र अनेकांसाठी पहिला, कित्येकदा एकमेव दरवाजा असतो. तेथे नाडीबरोबर मनाचीही विचारपूस व्हावी, हीच सर्व वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती.