काळ्या मातीवरील रुग्णालय : पायाविषयी थोडेसे

बांधकामास साहाय्य करणारे हितचिंतक जागा पाहावयास येतात, तेव्हा पुष्कळदा एकच प्रश्न विचारतात : एवढा खर्च झाला, मग जमिनीवर काहीच का दिसत नाही? प्रश्न स्वाभाविक आहे. खोलीला देणगीदाराचे नाव देता येते, जमिनीत गाडलेल्या पाइलला ते देता येत नाही. म्हणून या अदृश्य खर्चाचे प्रयोजन येथे मांडत आहोत.

महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशात बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली काळी माती विस्तीर्ण भागात आढळते. कापसाला ती जितकी मानवते, तितकी इमारतीला मानवत नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. पावसाळ्यात वर उचललेली जमीन उन्हाळ्यात रुंद भेगा पाडीत खाली बसते. इमारतीच्या कडेची माती ऋतूनुसार भिजते-वाळते, मधल्या मातीतील ओलावा मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे हालचाल सर्वत्र सारखी होत नाही व भिंतींना तिरप्या भेगा जातात.

सामान्य मऊ जमिनीत जड इमारत खचण्याची भीती असते. फुगणाऱ्या मातीत मात्र हलकी, एकमजली इमारतच अधिक सहज उचलली जाते. ‘एकच तर मजला, माती कशाला तपासायची?’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

घरातील भेग गिलाव्याने झाकता येते. शस्त्रक्रियागृहातील भेग म्हणजे धूळ व जंतू यांना आसरा. फरशीखालील सांडपाण्याची नळी सांध्यात निखळली, तर गळणारे पाणी त्याच मातीला आणखी फुगविते. जुन्या इमारतीला नवी जोडताना दोहोंची हालचाल वेगवेगळी होते. तेथे मोकळा सांधा ठेवला नाही, तर इमारत आपला सांधा आपणच पाडते.

तपासणीत प्रथम जागेवर ठिकठिकाणी बोअर घेतात. ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकीत नमुना घेणारी नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढील ३० सेंटिमीटरसाठी किती ठोके लागले, यावरून थराचा घट्टपणा कळतो. फुगण्याची चाचणी तर अगदी साधी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन एका नळकांड्यात पाण्यात व दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींच्या घनफळांतील फरक पाहिला, की मातीचा स्वभाव कळतो. संपूर्ण इमारतीच्या खर्चापुढे ही तपासणी किरकोळच. तरीही काटकसरीची कात्री पहिल्यांदा तिच्यावरच चालते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

कठीण मुरूम वा खडक थोड्याच खोलीवर लागला, तर काळा थर भेदून पाया तेथवर नेणे सर्वांत श्रेयस्कर. मात्र खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरण्याचा मोह टाळला पाहिजे. पाया पक्का असूनही फरशी उचलली जाते, ती यामुळेच. जोत्यात मुरूम थराथराने दाबून भरावा. न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर खालच्या मातीचे फुगणे आवरतो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले.

काळा थर खोल असल्यास रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘अंडर-रीम्ड’ पाइलचा अवलंब करतात. या खांबाच्या तळाजवळ दांड्याच्या साधारण अडीच पट व्यासाचा फुगवटा असतो. ऋतुमानाचा परिणाम जेथवर पोहोचत नाही, अशा साडेतीन मीटर वा अधिक खोलीवर तो जखडून बसतो. वरची माती हलली तरी पाइल उचलला जात नाही. पाइलवरील तुळया जमिनीवर न टेकविता खाली पोकळी ठेवतात, जेणेकरून फुगलेल्या मातीला जागा मिळावी. पाहणाऱ्यास ही पोकळी कामातील उणीव वाटते, आणि एखादा तत्पर कामगार ती बुजवूनही टाकतो! पर्यवेक्षकाने येथे विशेष लक्ष ठेवावे.

इमारत वापरात आल्यावरही काही पथ्ये आहेत. भिंतीलगत बाहेर उतार दिलेली फरसबंदी असावी, गच्चीचे पाणी पायाशी न सोडता गटारात न्यावे. स्मृतिवृक्ष भिंतीपासून पुरेसे दूर लावावेत, कारण मोठे झाड मुळांवाटे मातीतील ओलावा ओढून घेते व तेवढ्या भागात जमीन खाली बसते.