मढ्यावरचे कापड आणि शाळेचा गणवेश

मागच्या पिढ्यांच्या बालपणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. दिवाळीला शिवलेला एकच सदरा, थोरल्याची धाकट्याला आलेली चड्डी, साधी राहणी. हे लेखन खोटे नाही. पण ते एका समाजाचे आहे. त्या घरांत कापड कमी असेल, परंतु ते बापाने दुकानातून विकत आणलेले होते. आमच्या आज्या-आजोबांच्या अंगावरचे कापड कोठून आले, हे विचारल्यावाचून त्यांच्या बालपणाचा अर्थ लागत नाही.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका महाविद्यालयात शिकवतो. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड येथील वस्त्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एक काम सांगतो : घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, दहा वर्षांचे असताना तुमच्या अंगावर काय होते आणि तुम्ही काम कोणते करीत होता? प्रश्न दोन असले तरी उत्तर बहुधा एकच येते, कारण ज्याच्याकडे काम त्याच्याकडूनच कापड, अशी गावगाड्याची रीत होती.

मुलगा लहान असेतो उघडाच, कमरेला करगोटा. पुढे लंगोटी. मुलीला आईच्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा. लुगडे मध्ये विरले की तो भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही जीर्ण झाले की त्याचे धडुते आणि धडुत्यांची वाकळ. याच वयात शेण-काटक्या वेचणे, गुरांमागे जाणे, बापाची येसकरपाळी असली की त्याच्यामागे टोपले घेऊन भाकरी गोळा करणे सुरू होई. या कामाला रोख मजुरी नव्हती. बलुते होते, आणि महारांच्या बलुत्याच्या हक्कांत एक हक्क होता मढ्यावरच्या कापडाचा. प्रेतावरून उतरलेले कापड धुऊन घरात येई आणि त्यातून पोरांचे अंग झाकले जाई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना प्रेताची वस्त्रेच नेमून दिलेली आहेत. म्हणजे ही केवळ गरिबी नव्हती. हा कायदा होता आणि त्याला ‘हक्क’ असे नाव होते.

कापड कोणते, याबरोबर ते कसे नेसावे हेही गावच ठरवी. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये नोंदवले आहे की, महार स्त्रीने लुगड्याचे काठ निऱ्यांत दिसू देऊ नयेत, असा दंडक होता. ही रीत महाराष्ट्रापुरतीच नव्हती. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. १८५९ मध्ये तेथील राजाला तशी मुभा जाहीर करावी लागली. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यपणाची ओळख पटवणारे जड दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. वरवर पाहणाऱ्याला हा राहणीचा उपदेश वाटेल. प्रत्यक्षात तो गावाचा कायदा अंगावरून उतरवून टाकण्याचा आदेश होता.

शहराने रोख पगार दिला. पण जात शहरातही पोचली. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे रिंगखात्यात सूत काढीत, साचेखात्यात मात्र त्यांना मज्जाव असे. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. साचेखात्याचा पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. सूत काढणाऱ्या हातांना कापड विणण्याची बंदी!

१९५६ साली नागपूरला लाखो लोक पांढरी वस्त्रे लेवून दीक्षेला आले. ते कापड कोणी दिलेले नव्हते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. तरीही जुनी रीत नव्या वेशात पुढे आली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठलेली कुटुंबे घाटकोपर-विक्रोळीच्या वस्त्यांत उतरली. त्यांत माझी आजी होती. पुरुष नाक्यावर, खाणीत, सफाईत, बाया घरकामाला. दिवाळीला पगारवाढीऐवजी शेठाणी जुन्या कपड्यांचे बोचके हातात ठेवी. एका वर्षी आजी म्हणाली, “शेठाणी, हे राहू द्या. पगारात पाच रुपये वाढवा.” ते काम सुटले. दुसऱ्या घरी पगार ठरवूनच ती कामाला लागली आणि त्या पैशांतून माझ्या वडिलांची शाळेची खाकी चड्डी व पांढरा सदरा शिवला गेला.

या नकाराचे मोल समजून घेतले पाहिजे. जो नाकारता येत नाही तो हक्क नव्हे. ती सक्ती होय. मढ्यावरचे कापड नाकारले तर गाव बहिष्कार घाली. उलट, आज मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतील मुलांना गणवेश मोफत देते, तो आपल्याच करांतून येतो. तो उशिरा आला तर जाब विचारता येतो. कचरा उचलणाऱ्या कामगाराचे गमबूट व हातमोजे हेही याच जातीचे देणे, पण कंत्राटी कामगाराला त्यासाठीही भांडावे लागते. अशा २७०० कामगारांना महापालिकेने कायम करावे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर.

म्हणून कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. जयंतीच्या निमित्ताने आपल्याच वस्तीत जुन्या कपड्यांचे वाटप ठेवण्यापूर्वी, घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते काय, हे पाहावे. तेवढीच शक्ती गणवेश वेळेवर मिळावा, घरकामगार बाईला दिवाळीचा बोनस रोख मिळावा, यासाठी लावावी. आणि विद्यार्थ्यांनी दंड, धडुते, वाकळ हे शब्द बोलणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे. हा इतिहास दप्तरांत नाही. तो आपल्या घरातल्या ट्रंकेत, घडी करून ठेवलेल्या लुगड्यात आहे.